जागा मिळेना म्हणून बांधलेली जागा

संघटना बांधायची तर आधी चार माणसांनी एकत्र बसायला हवं, आणि बसायचं तर जागा हवी. एकोणिसाव्या शतकातल्या कामगारांची पहिली अडचण हीच होती. कारखान्याच्या आवारात सभा घेणं शक्य नव्हतं. गुत्त्याचा मालक पोलिसांना भ्यायचा. हॉलवाला आगाऊ भाडं पुढे केलं तरी मान हलवायचा. कोपनहेगनच्या कामगारांना असे नकार इतक्यांदा ऐकावे लागले, की त्यांनी वर्गणी काढून १८७९ साली रोमर्सगाडे या रस्त्यावर स्वतःचं सभागृहच बांधलं. त्याच्या वीस वर्षं आधी मेलबर्नमध्ये हेच घडलं होतं. २१ एप्रिल १८५६ रोजी तिथल्या पाथरवटांनी हत्यारं खाली ठेवून मोर्चा काढला, आठ तासांचा कामाचा दिवस मिळवला, आणि १८५९ मध्ये आपला लाकडी हॉल उभा केला. दिवसाचे काही तास आपले झाले, आता ते तास घालवायला, शिकायला, वाद घालायला छप्पर पाहिजे, हा त्यामागचा साधा हिशेब. दक्षिण वेल्सच्या खाणींत मजूर पगारातून पौंडामागे पेनी कापून द्यायचे आणि त्यातून गावोगाव वाचनालय, सभागृह, रंगमंच अशी ‘इन्स्टिट्यूट’ उभी राहायची. इंग्लंडातल्या डरहॅमच्या खाणकामगारांनी १९१५ मध्ये रेडहिल्स इथे बांधलेल्या वास्तूत तर संसदेसारखं सभागृहच आहे. तिथल्या खुर्च्यांना क्रमांक आहेत, आणि कोणती खुर्ची कोणत्या खाणीच्या शाखेची हे ठरलेलं.

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत यांतल्या बहुतेक ठिकाणी माणसं गेली आणि वास्तू मागे राहिल्या. डरहॅमच्या कोळसापट्ट्यातली शेवटची खाण १९९३ मध्ये बंद झाली. आमच्या मुंबईतल्या गिरणगावातले भोंगे त्याच्या दहा वर्षं आधीच एकेक करून थांबू लागले होते. मग या जागांचं करायचं काय? पाडायच्या, संग्रहालय करायचं, लग्नाचा हॉल करायचा, नाटकाला द्यायच्या, की त्यांच्या मूळ कामाला पुन्हा जुंपायच्या? जगभर यातला प्रत्येक उपाय कुठे ना कुठे करून झाला आहे. तो सगळा पट एकत्र पाहिला की माझं मत एका ठिकाणी येऊन थांबतं. अशा वास्तूचं नशीब दोन गोष्टी ठरवतात : ती कुणाच्या नावावर आहे, आणि तिचं दार रोज सकाळी कोण उघडतं. वास्तुशैली, नक्षी, कमानी यांचा नंबर त्यानंतर लागतो.

नक्षीने वाचायचं असतं तर ब्रसेल्सचं ‘मेझाँ द्यु पप्ल’, म्हणजे जनतेचं घर, सगळ्यांत आधी वाचलं असतं. बेल्जियमच्या कामगार पक्षासाठी व्हिक्टर ओर्ताने ते बांधलं, १८९९ मध्ये ते खुलं झालं. लोखंड आणि काचेची ती वळणदार इमारत जगाच्या वास्तुकलेच्या इतिहासात शिकवली जाते. सभागृह सर्वांत वरच्या मजल्यावर, म्हणजे दिवसभर कोंदट कारखान्यात राबलेल्या माणसाला तिथे उजेड आणि हवा मिळावी. १९६५ मध्ये ती पाडली. जगभरच्या वास्तुविशारदांनी विनवण्या केल्या, त्यांचा उपयोग झाला नाही. सुटे भाग पुन्हा जोडता यावेत म्हणून जपून काढून ठेवायचं ठरलं होतं. ते उघड्यावर पडून राहिले, गंजले, चोरीला गेले, भंगारात गेले. जागेवर सव्वीस मजली मनोरा आला. थोडे लोखंडी तुकडे पुढे ब्रसेल्सच्या एका भुयारी स्थानकात आणि अँटवर्पमधल्या एका कॅफेत लावले गेले. नकाशे, छायाचित्रं, जगाचं प्रेम, सगळं होतं. ज्यांच्यासाठी ती उभी राहिली त्यांच्या रोजच्या व्यवहारातून ती आधीच उतरली होती.

याच्या अगदी उलट गोष्ट अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या बॅरी या छोट्या गावातली आहे, आणि मला ती फार जवळची वाटते. बॅरीत ग्रॅनाइटच्या खाणी. इटलीहून आलेले शिल्पकार-पाथरवट तिथे थडगी आणि पुतळे घडवायचे आणि दगडाची धूळ फुप्फुसात साठून तरुण वयात मरायचे. १९०० साली या लोकांनी श्रमदानाने सोशॅलिस्ट लेबर पार्टी हॉल बांधला आणि दर्शनी भिंतीवर दगडात हातोडा धरलेला हात कोरला. तळघरात सहकारी दुकान, वर सभा, नाच, नाटक, भाषणं. १९०३ मध्ये याच हॉलमध्ये समाजवादी आणि अराज्यवादी यांच्यात वादावादी पेटली आणि एलिया कोर्ती हा उत्तम शिल्पकार गोळी लागून गेला. त्याच्या भावाबंदांनी ग्रॅनाइटमध्ये घडवलेली त्याची पूर्णाकृती बॅरीच्या स्मशानात आजही बसलेली आहे. १९१२ मध्ये लॉरेन्स शहरातल्या कापड गिरण्यांचा संप लांबला तेव्हा संपकऱ्यांची मुलं सांभाळायला बॅरीने आपल्या घरी आणली, ती याच हॉलमध्ये उतरली. एवढा सगळा इतिहास असूनही १९३६ मध्ये हॉल विकावा लागला आणि एका फळव्यापाऱ्याचं ते गोदाम झालं. जिथे संपाची भाषणं झाली तिथे साठेक वर्षं टोमॅटो पिकत ठेवले जात होते.

त्या गोदामानेच हॉल वाचवला. छप्पर गळलं तर माल सडेल, म्हणून व्यापारी छपराची डागडुजी करत राहिला. उंच मोकळी जागा त्याला हवीच होती, म्हणून मधे भिंती पडल्या नाहीत. १९९५ मध्ये बॅरीच्या इतिहास मंडळाने तो विकत घेतला, २००० मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. आता तिथे संगीताचे कार्यक्रम होतात, लग्नं होतात, आणि संघटनांच्या बैठकाही होतात. मागच्या बाजूला १९१३ मधली सहकारी बेकरी होती. ती पुन्हा बांधून काढली आणि तिथे पाव भाजायला सुरुवात झाली. जतन करणाऱ्यांनी फलक लावून थांबायचं ठरवलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी भट्टी पेटवली.

खाणं आणि सभा यांचं नातं इतकं जुनं आहे, की या आढाव्यात ते पुन्हा पुन्हा समोर येतं. कॅनडात आज थंडर बे म्हणतात त्या शहरात फिनलंडहून आलेल्या लाकूडतोड्यांनी १९१० मध्ये ‘लेबर टेंपल’ बांधलं. १९१८ मध्ये त्याच्या तळमजल्याखाली ‘होइतो’ ही सहकारी खानावळ निघाली. जंगलातून आठवड्यांनी परतलेल्या माणसाला स्वस्तात पोटभर जेवण मिळावं, हा हेतू. ही खानावळ शंभर वर्षं चालली. संघटना क्षीण झाल्या, भाषा विसरली गेली, तरी लोक फिनिश पद्धतीची धिरडी खायला येत राहिले आणि त्यांच्या पैशावर वरचा हॉल तगला. २०११ मध्ये वास्तू राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली. पण चालवणारी संस्था कर्जात बुडाली, २०२० मध्ये विसर्जित झाली, आणि वास्तू खासगी मालकाकडे गेली. आत सदनिका काढायचं काम चालू असताना २२ डिसेंबर २०२१ रोजी आग लागली आणि एकशे अकरा वर्षांचं ते घर जळून गेलं. दर्जा होता, लोकांचं प्रेम होतं, गिऱ्हाईकही होतं. हिशेब ठेवणारी मजबूत संस्था मात्र उरली नव्हती.

मालकी बदलली की काय होतं, याचं सर्वांत कडवट उदाहरण पुन्हा कोपनहेगनचं. तिथल्या यागत्वाय रस्त्यावरचं ६९ नंबरचं घर १८९७ मध्ये कामगारांनी बांधलं. ऑगस्ट १९१० मध्ये तिथे समाजवादी स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि क्लारा झेटकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी महिला दिनाचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे दर ८ मार्चला जे कार्यक्रम होतात त्यांचं मूळ या घरात आहे. १९८२ मध्ये पालिकेने ते तरुणांच्या गटांना वापरायला दिलं. तिथे गाण्याच्या मैफली, सभा, स्वस्त जेवण सुरू झालं, म्हणजे नव्या पिढीच्या रूपात जुनाच वापर परतला. पण सातबारा पालिकेचा. १९९९ मध्ये तिने घर विकायला काढलं, पुढे ते एका धार्मिक पंथाकडे गेलं, खटले झाले, आणि मार्च २००७ मध्ये पोलिसांनी तरुणांना बाहेर काढून काही दिवसांतच घर पाडलं. शहरात दंगली झाल्या. भूखंड पुढे कित्येक वर्षं रिकामा पडला होता. त्याच शहरातलं १८७९ चं रोमर्सगाडेवरचं सभागृह मात्र कामगार संग्रहालय म्हणून दिमाखात उभं आहे, कारण तिथे संस्था, जागा आणि हेतू एका हातात राहिले.

मेलबर्न आणि हेलसिंकी ही या पटातली दोन धडधाकट ठिकाणं. मेलबर्नच्या लाकडी हॉलच्या जागी १८७४ पासून जोसेफ रीड या वास्तुविशारदाच्या आराखड्याने पक्की इमारत चढत गेली. कामगार संघटनांची परिषद आजही तिथेच बसते. त्याच छपराखाली शहराच्या विनोद महोत्सवाचे प्रयोग होतात, प्रायोगिक कलांचा महोत्सव भरतो, पुस्तकांचं दुकान आहे. अलीकडे व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारने पैसा दिला आणि मोठी दुरुस्ती झाली. नाटकवाल्यांना भाड्याने जागा द्यायची आणि संपाची बैठकही तिथेच घ्यायची, यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. हेलसिंकीचं कामगार भवन १९०८ चं, त्याच जागेवरच्या खडकातून काढलेल्या ग्रॅनाइटचं. जानेवारी १९१८ मध्ये त्याच्या मनोऱ्यावर लाल कंदील पेटवून क्रांतीची खूण दिली गेली. पुढच्या यादवीत त्यावर तोफगोळेही पडले. आज तिथे परिषदा आणि मेजवान्या चालतात आणि त्यांचं उत्पन्न वास्तूच्या मूळ मालकाकडे, हेलसिंकीच्या कामगार संघाकडे जातं. परिषदेचं भाडं आकाशाला भिडलं की लहान संघटनेला आपल्याच घरात बैठक परवडत नाही, हा धोका अशा प्रत्येक ठिकाणी असतो. म्हणून एखादा मजला, निदान आठवड्यातल्या काही संध्याकाळी, संघटनांसाठी विनामूल्य असं संस्थेच्या घटनेतच लिहून ठेवायला हवं. पुढच्या पिढीच्या चांगुलपणावर ते सोडू नये.

वास्तू उचलून दुसरीकडे नेण्याचाही मार्ग आहे. वेल्समधल्या ओकडेलची १९१७ ची इन्स्टिट्यूट अशीच दगड दगड सोडवून सेंट फॅगन्सच्या खुल्या संग्रहालयात नेली आणि १९९५ मध्ये उघडली. काम सुरेख आहे. पण गावाच्या मधोमध असलेली जागा गावाबाहेर पाहायची वस्तू झाली. सगळे मार्ग खुंटले तरच हा पत्करावा.

आता घराकडे येऊ. मुंबईत हा प्रश्न विचारला की पहिली पंचाईत अशी होते की इथे ‘हॉल’ कुठला, ते बोट ठेवून दाखवता येत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, पुढे रविवारची सुट्टी मिळवली, पण त्यासाठी मोठं भवन बांधलं नाही. आयटक या कामगार महासंघाचं पहिलं अधिवेशन ३१ ऑक्टोबर १९२० रोजी लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली भरलं ते एम्पायर थिएटरात. १९२८ चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला, त्यातून गिरणी कामगार युनियन जन्मली, अर्जुन आळवे, कासले यांच्यासारखे खुद्द गिरणीतले लोक पुढे आले, वर्षअखेरीला सभासद पन्नास हजारांच्या वर गेले. एवढी माणसं कुठल्या सभागृहात मावणार? सभा व्हायच्या गिरणीच्या दारात, चाळीच्या आवारात, कामगार मैदानावर. चर्चा व्हायची तालमीत, खानावळीत, गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईचे संप समजायचे तर गिरणीइतकंच मोहल्ल्याकडे पाहावं लागतं, हे विस्ताराने दाखवून दिलं आहे. वास्तुजतनाच्या भाषेत त्याचा अर्थ असा, की गिरणगावात सभागृह एका इमारतीत नव्हतं. ते वस्तीभर पसरलं होतं, आणि संघटनेच्या वाट्याला त्यातली एखादी माडीवरची खोली असायची.

परळ नाक्याची दळवी बिल्डिंग ही त्या खोल्यांतली सर्वांत प्रसिद्ध. लाल बावट्याची कचेरी म्हटलं की दळवी बिल्डिंग, असं समीकरण दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी होतं. रजा नाकारली, बदलीवर घेतलं नाही, पगार कापला, की पाळी सुटल्यावर माणूस तिकडे जायचा; वर्गणीची पावती फाडायचा आणि तक्रार लिहून द्यायचा. डिसेंबर १९६७ मध्ये शिवसैनिकांनी या कचेरीवर हल्ला केला आणि फायली जाळल्या. राजकारणाचा तो भाग सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यात दुसरं एक नुकसान दिसतं. त्या फायलींत हजारो माणसांची नावं, खाती, गुन्ह्यांच्या नोटिसा, अर्ज होते. गिरणी कामगाराच्या आयुष्याचा लेखी पुरावा मुळातच थोडा, त्यातला मोठा गठ्ठा एका दिवसात गेला. थोड्या अंतरावर राष्ट्रीय मिल मजदूर संघाची मजदूर मंझिल. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने या संघाला मान्यताप्राप्त प्रतिनिधीचं स्थान दिलं आणि पुढच्या सगळ्या भांडणाचं बी त्यात पडलं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगार उतरले, तेव्हा त्यांचा नेता डॉ. दत्ता सामंत घाटकोपरला राहणारा होता. परळमध्ये दोन-दोन कचेऱ्या असताना कामगार रेल्वे धरून घाटकोपरला गेले. ज्या दाराशी विश्वास असतो तिथे माणसं जातात. ती जागा कोणती हे नकाशा ठरवत नाही.

परळचंच दामोदर सभागृह याहून वेगळं. ते युनियनचं नव्हे, ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचं. ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे सभा बोलावली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा आकाराला आली. तिची कचेरीही इथेच होती. पुढे कोकणातून आलेल्या कामगारांची नाटकं, नमन, दशावतार या रंगमंचावर झाले. दिवसभर सांच्यावर उभा राहणारा माणूस रात्री इथे राजा व्हायचा. २०२३ च्या अखेरीस नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी बंद झालं आणि कलावंत रस्त्यावर आले. संस्थेला आपल्या शाळेसाठी नवी वास्तू हवी, कलावंतांना तेवढंच मोठं, तेवढंच परवडणारं नाट्यगृह हवं. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. मला त्यात एक गोष्ट फार बोलकी वाटली : या वास्तूसाठी भांडायला माणसं उभी राहिली, ती तिच्यात कालपर्यंत नाटक करत होती म्हणून. ज्या कचेऱ्या वीस वर्षं कुलूपबंद राहिल्या, त्यांच्यासाठी कुणी रस्त्यावर येत नाही.

कायदा काय म्हणतो? १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले : एक महापालिकेला बागा, मैदानं आणि सार्वजनिक सोयींसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला, आणि वाटे आक्रसले. युनियनच्या खोल्या तर या वाटणीत नव्हत्याच. त्या आवाराबाहेर, पगडीच्या चाळीत. तिथे संघटना ही इतर भाडेकरूंसारखी एक भाडेकरू. जुन्या उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास झाला की बिगरनिवासी भाडेकरूला आहे तेवढं क्षेत्रफळ परत मिळतं. म्हणजे दोनशे चौरस फुटांची कचेरी असेल तर दोनशे चौरस फुटांचा गाळा. कागदावर काहीच गमावलेलं नसतं. पण त्या दोनशे फुटांना लागून जो सज्जा होता, ज्या जिन्यावर माणसं रांग लावून बसायची, खाली जे आवार होतं जिथे शंभर जण उभं राहून ऐकायचे, ते कुणाच्या भाडेपावतीवर नव्हतं. सभागृह खरं तर तेच होतं, आणि नेमकं तेच नव्या इमारतीत उरत नाही.

दुसरा आधार वारसा नियमांचा. १९९५ मध्ये मुंबईत वारसा नियमावली आली. भारतातल्या शहरांत ती पहिली. वास्तूंना श्रेणी एक, दोन, तीन असे दर्जे मिळाले. त्या यादीतल्या चर्च, बँका, दगडी कचेऱ्या आपण ओळखतो. मात्र वास्तू निवडण्याच्या निकषांत सामाजिक आणि आर्थिक इतिहासाशी असलेला संबंध हाही एक निकष आहे. तो वापरून एखादी साधी, चुन्याचा गिलावा असलेली, लाकडी कठड्याची चाळ यादीत आणता येते. हा निकष फार कमी वापरला गेला, आणि ती कमतरता कायद्याची म्हणता येत नाही. आपण वारसा म्हटलं की घुमटाकडे पाहतो. त्याच वेळी हेही मान्य करायला हवं, की दर्जा मिळालेल्या इमारतीच्या भाडेकरूला छप्पर दुरुस्त करायला पैसे कुणी देत नाही, आणि गळक्या खोलीत राहणाऱ्याला ‘वारसा’ हा शब्द शिक्षेसारखा ऐकू येतो. दर्जासोबत दुरुस्तीचा निधी आला नाही तर त्या माणसाचा राग रास्त आहे.

प्रत्यक्ष दुरुस्तीबद्दल थोडं. जुन्या चाळीच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. त्या दमट हवेत ओल घेतात आणि सोडतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, विटा भुसभुशीत होतात आणि गिलावा पोपडे धरून सुटतो. आपल्याकडच्या कित्येक ‘दुरुस्त’ इमारती या उपायानेच लवकर मेल्या. सागवानी तुळया बहुधा भिंतीत घुसलेल्या टोकांशी कुजतात, मधला भाग शंभर वर्षांनीही टणक असतो. टोक कापून जोड देता येतो, सगळी तुळई फेकायची गरज नसते. सभागृहाला माणसांची गर्दी पेलायची असते, त्यामुळे तिथे कचेरीपेक्षा जास्त भार धरून मजला तपासावा लागतो. दुसरा जिना, बाहेर उघडणारी दारं, अपंगांसाठी उद्वाहक हे सगळं जुन्या चौकटीत बसवणं कठीण आणि खर्चीक असतं. आणि जुन्या लाकडी इमारतीला सर्वांत धोक्याचा काळ असतो तो काम चालू असतानाचा. वेल्डिंगच्या ठिणग्या, उघड्या तारा, रात्री राखणीला कुणी नाही. थंडर बेची आग अशाच अर्ध्या कामात लागली, हे विसरून चालणार नाही.

वास्तूसोबत वस्तूही जपायच्या असतात : पावती पुस्तकं, शिक्के, मोर्चाचे कापडी फलक, गेटवर वाचलेली पत्रकं, हजेरीची वही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या शंभरेक माणसांच्या तोंडून जो इतिहास लिहून काढला, तो झाला नसता तर आज आपल्याकडे मालकांच्या कंपन्यांचे अहवाल आणि पोलिसांच्या नोंदी एवढंच उरलं असतं. त्या पुस्तकातले बरेच आवाज आता नाहीत. कुठल्याही खोलीचा पुनर्विकास ठरला की पाडकामाआधी तिची मोजमापं आणि छायाचित्रं घ्यावीत, कपाटं उघडून यादी करावी, कोण कुठे बसायचं हे म्हाताऱ्या सभासदांकडून आराखड्यावर लिहून घ्यावं. याला चार दिवस आणि दोन मुलं लागतात. बिल्डरच्या एकूण खर्चात तो आकडा दिसणारही नाही.

नवा वापर कुठला, हा प्रश्न शेवटी आलाच. संग्रहालयाला माझा विरोध नाही. पण मुंबईत आज सभागृहाची गरज असलेली माणसं लाखोंनी आहेत. घरोघर पार्सल पोचवणारी मुलं दुचाकी फुटपाथला लावून सावलीत उभी असतात. त्यांना पाणी प्यायला, लघवीला जायला, फोन चार्ज करायला जागा नाही. सुरक्षारक्षक बारा-बारा तास राबतात. घरकामगार बायका चार घरांची कामं संपवून स्टेशनच्या पायरीवर बसून एकमेकींशी बोलतात. नाक्यावरचा मजूर नाक्यावरच असतो. कोपनहेगनच्या कामगारांची १८७९ मधली अडचण, बसायला जागा नाही ही, परळ-लोअर परळच्या काचेच्या इमारतींच्या पायथ्याशी जशीच्या तशी उभी आहे. जुन्या कचेरीच्या बदल्यात मिळणारा गाळा तळमजल्यावर मागून घेतला, तिथे नळ, संडास, दोन बाकं, आठवड्यातून दोनदा बसणारा वकील आणि संध्याकाळी अभ्यास करणारी मुलं आली, तर त्या जागेला नवा वापर मिळाला असं मी म्हणेन. भिंतीवर जुन्या नेत्यांचे फोटो असावेत. त्यांना आपल्या फोटोखाली अशी गर्दी चालली असती.

खर्चाचं काय? इथे पुन्हा चूल मदतीला येते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या त्या बायका हजारो गिरणी कामगारांचे डबे आणि जेवणं सांभाळत होत्या, आणि त्यांची गणती कुठल्याच युनियनच्या सभासदांत नव्हती. त्यांच्या संघटनेने बँकेची कर्जं मिळवली, स्वयंपाकघरं उभी केली, संपानंतर गिऱ्हाईक बदललं तरी ती टिकवली.

आणि पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला परवडेल अशा दरात भाकरी-भाजी. बाबा आढाव यांच्या पंचायतीचं हमाल भवन मार्केट यार्डाजवळ आहे; तिथे परिषदा होतात, शिबिरं भरतात, लग्नंही लागतात. हे भवन कसं जपायचं असा प्रश्न अजून कुणाला पडलेला नाही. सकाळी पोती उतरवून झाली की हमाल तिकडे येतात, डोक्याची टापशी सोडून घाम पुसतात, आणि ताट समोर ओढतात.